आबांच्या टीव्हीवर आधी दिसायचं

आधी काकूंचं सांगतो. लातुरात शिकवणीचे वर्ग ज्या भागात आहेत तिथं एका गल्लीत काकूंची मेस आहे आणि मी तिथं भाजी-वरण करतो. माझे वडील आज थोडंफार बोलतात. अडखळतात, मधेच शब्द हरवतो, पण बोलतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मायनं रोज तेल चोळलं, हे खरंच आहे. पण ऐन गर्दीच्या वेळी मला भाजीच्या पातेल्यापासून उठवून टीव्हीसमोर खुर्चीत बसवलं ते काकूंनी, आणि माझ्या जागी वाढायचा डाव हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या. ते झालं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं. म्हणून पहिलं नाव त्यांचं. नाव म्हणजे काकू, एवढंच. सगळी गल्ली तेवढंच म्हणते.

मी हिमायतनगरकडचा. इथून घरी जायचं तर आधी नांदेड, तिथं गाडी बदलून भोकरवरून हिमायतनगर, आणि पुढं मिळेल ते टमटम. सकाळी निघालेला माणूस दिवे लागताना उंबऱ्याशी पोचतो. कुणाला हे लांब वाटणार नाही. पण मेसच्या माणसाला ते लांबच असतं, कारण पोरांना रोज दोन्ही वेळेला भूक लागते आणि मला सुटी म्हणजे रविवारची संध्याकाळ. तेवढ्यात नांदेडसुद्धा येत नाही.

शाळा नववीत सुटली. कुणी सोडवली नाही, आपोआप सुटत गेली. नांदेडात एका हॉटेलात कांदे चिरले, मग ओळखीतून लातूरला आलो आणि राहिलो. स्वभाव घाबरट. गॅस बंद करून खोलीवर गेलो तरी परत येऊन टाकीला हात लावून बघतो. गावाकडचा फोन अवेळी वाजला की मी उचलायच्या आधीच मनात सगळं होऊन गेलेलं असतं. माय म्हणते, "तुला जन्मताच भेव टोचलेलं हाय रे."

आबा गावचे कोतवाल होते. दवंडी द्यायची, तहसीलचे कागद घरोघर पोचवायचे, साहेब आला की झाडाखाली खुर्ची मांडायची. त्यांच्या आवाजाची गावाला सवय होती. पुढं ग्रामपंचायतीनं भोंगा बसवला, तरी म्हातारी माणसं म्हणायची, "त्या डब्यातलं काई समजत न्हाई, कोतवालाला धाडा." मग आबा पुन्हा गल्लीगल्लीतून फिरायचे. पाण्याची पाळी, रेशनची तारीख, जनावरांचं टोचणं. घरात ते कमी बोलत. माय म्हणायची, सगळा आवाज गावाला वाटून येतात, घराला काय उरतं.

कोतवालाचं आणखी एक काम असतं, त्याबद्दल कुणी फार बोलत नाही. शिवारात कुठं मेलेलं माणूस सापडलं तर पोलीस येईपर्यंत त्याच्यापाशी बसायचं. कुत्री येऊ नयेत, लोकांनी हात लावू नये, म्हणून. एकदा पैनगंगेच्या काठी एक परका माणूस सापडला होता. आबा सकाळपासून ऊन उतरेपर्यंत बाभळीखाली बसून होते. माय भाकर घेऊन गेली तर म्हणाले, "ठेव तिकडं. ह्याच्या म्होरं कसं खाऊ? हा बी उपाशीच गेला असंल." मग जीप आली, पंचनामा झाला, आबांनी पंचांच्या अंगठ्यांशेजारी सही केली, आणि त्या माणसाला घेऊन गाडी निघून गेली. कोण होता, कुठला होता, कसा मेला, हे गावात परत कुणी येऊन सांगितलं नाही. तहसीलला गेले की आबा विचारायचे, "साहेब, त्या नदीवरच्या माणसाचं काय झालं?" साहेब विचारायचे, "कोणत्या?" मग साहेब बदलले. आबा नव्या साहेबालाही विचारायचे.

अशी बरीच माणसं त्यांच्याजवळून गेली होती. कुणाच्या घरची चोरी, कुणाची विहीर, कुणी रात्रीतून निघून गेलेलं. प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला आबा हजर होते. पुढचं सगळं नांदेडला व्हायचं, आणि नांदेडहून गावाकडं गोष्टीचा शेवट काही येत नसे.

मला वाटतं, म्हणूनच त्यांना ती मालिका आवडली.

मालिकेचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेतलंच नाही. माय तिला 'हवालदाराचं' म्हणायची. "हवालदाराचं लागलं का रे?" एका कोरड्या जिल्ह्यातलं पोलीस ठाणं, नदीतली वाळूचोरी, आणि वाळूच्या ट्रकखाली सापडून मेलेला एक तरणा तलाठी. ट्रक कुणाचा होता हे साऱ्या तालुक्याला ठाऊक, पण चालवत कोण होतं ते कुणी सांगेना. नटूनथटून बसणाऱ्या बाया नाहीत, गाणी नाहीत. धूळ, शिव्या आणि घामेजलेली तोंडं. त्यात एक म्हातारा हवालदार होता. निवृत्तीला आलेला, पोट सुटलेला, घरून डबा घेऊन निघायचा आणि कधी पुरता खायचा नाही. पहिल्याच भागात तो त्या तलाठ्याच्या प्रेताशेजारी एकटा बसलेला दाखवला होता. जीप यायला उशीर आणि माशा वारायला हातात टोपी. आबा तेव्हा धडधाकट होते. खाटेवरून उठून टीव्हीजवळ गेले आणि म्हणाले, "ह्यो माणूस बसलेला हाय कधीतरी. खरंच बसलेला हाय."

त्या दिवसापासून त्यांनी एक भाग चुकवला नाही. गावातही तेच. लोक पात्रांना त्यांच्या नावानं ओळखायचे नाहीत. वाळूवाल्याला 'करडा' म्हणायचे, त्याच्या डोळ्यांवरून. तरुण फौजदारीण बाई होती, तिला 'टिकली न लावणारी'. आणि हवालदार तो हवालदारच. माझा फोन गेला की आबा तब्येतीचं एका शब्दात उरकायचे आणि म्हणायचे, "आज करड्यानं काय केलं, पाह्यलं का?"

मग सुगीच्या दिवसांत एका सकाळी सदऱ्याचं बटण लावता लावता आबांचा उजवा हात खाली पडला. लकवा. मी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते. मला ओळखलं. डोळ्यांत पाणी आलं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "हाव."

"आबा, लई दुखून राहिलं का?"

"हाव."

"पाणी पायजे?"

"हाव." पाणी दिलं तर मान फिरवली.

सगळे शब्द गेले होते, एवढा एकच राहिला होता. हो म्हणायचं तरी हाव, नाही म्हणायचं तरी हाव, रागावले तरी हाव. डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बोलणं येऊ शकतं. येईलच असं नाही. पण त्यांना गप्प बसू देऊ नका. रोज कुणीतरी बोलत राहा. पहिले काही महिने महत्त्वाचे." मी मान हलवली. पण माझं काम लातूरला आणि आबा गावात. बोलायचं कसं?

परत आलो. फोनवर बोलायचं ठरवलं. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला माय त्यांच्या कानाशी फोन धरायची. नेमकी तीच मेसची वेळ, पण दिवसा आबा झोपून असत, आणि माय म्हणायची की त्याच वेळेला ते जरा जागे, जरा ताजे असतात. मी भाजी उतरवून मागच्या पाण्याच्या टाकीजवळ जायचो. "आबा, जेवले का?" "हाव." "गोळी घेतली का?" "हाव." "झोप लागली का?" "हाव." पुढं काय विचारावं सुचायचं नाही. त्यांचा श्वास ऐकू यायचा. डोक्यात डॉक्टरीण बाईंचं वाक्य फिरत राहायचं, दिवस चाललेत, दिवस चाललेत. मी आणखी जोरात विचारायचो, "गोळी घेतली का?" जसं काही त्यांना ऐकूच येत नाही.

एकदा असंच चाललेलं असताना काकू पोळ्यांची दुरडी घेऊन मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

"अरे बाबा, तू बापाशी बोलायलास का हजेरी घ्यायलास? जेवले का, गोळी घेतली का, झोपले का. माझ्याशी कुणी असं बोललं तर मी बी हावच म्हणंन."

"मग काय बोलू, काकू? काई सुचत न्हाई."

त्यांनी फोनकडं बोट केलं. "ते काय वाजायलंय?"

फोनमधून हवालदाराच्या मालिकेचं सुरुवातीचं संगीत येत होतं. माय टीव्ही लावून ठेवायची. आणि थोड्या वेळानं तेच संगीत आमच्या मेसच्या हॉलमधूनही आलं, पोरं जेवता जेवता तीच मालिका बघत होती.

"तिकडं बी तेच, इकडं बी तेच," काकू म्हणाल्या. "जा, बस म्होरं. दोघं मिळून बघा. काय बोलू नको."

"अन् भाजी कोण वाढंल?"

"का? माझे हात गेले का कुठं?"

मी बसलो. संकोच इतका की खुर्चीच्या कडेला टेकलो होतो. कानाला फोन, समोर टीव्ही, आणि मागं ताटं घेऊन रांगेत उभी पोरं. ती बोलणार नाहीत असं होणार नव्हतं.

"काकू, मामा टीव्ही बघतेत अन् आम्ही रांगेत!"

"तुझा मामा ड्युटीवर हाय. तू भात घे अन् सरक."

"मला पण द्या की अशी ड्युटी."

"आधी फिजिक्समध्ये पास हो, मग बघू."

दुसऱ्या दिवशी मी उठणार नव्हतो. काकूंनी माझ्या हातातून डाव काढून घेतला. तिसऱ्या दिवशी खुर्ची आधीच मांडून ठेवली होती. मग ते रोजचंच झालं.

एक गोष्ट पहिल्या दोन-तीन दिवसांत माझ्या लक्षात आली नव्हती. मेसचा टीव्ही वायफायवर चालतो, घरचा डिशच्या छत्रीवर. त्यामुळं आबांना जे आता दिसायचं ते मला जरा वेळानं दिसायचं. पाच-दहा श्वासांचं अंतर. माझ्या पडद्यावर फौजदारीण बाई अजून दार वाजवत असायची आणि फोनमधून आबांचा श्वास एकदम अडायचा. मग मला कळायचं, दाराआड काहीतरी वाईट आहे. कधी ते जिभेनं 'च्' करायचे, म्हणजे कुणीतरी खोटं बोललं. कधी नाकातून हसायचे, तेव्हा मीही आधीच हसून घ्यायचो, अजून काही दिसलेलं नसताना. शेजारची पोरं विचारायची, "मामा, काय झालं?" मी म्हणायचो, "थांबा, आता होईल." पोरांना वाटायचं मी सगळं आधीच बघून बसलोय.

खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात मी पडद्यापेक्षा जास्त फोन बघत होतो, म्हणजे ऐकत होतो. लहानपणापासून आबा माझ्यापुढं चालत आले. बाजारात, रानात, यात्रेत. मी मागून त्यांच्या पाठीकडं बघून ओळखायचो की वाटेत काटा आहे की चिखल. लातुरातल्या त्या खुर्चीवर बसून मला तसंच वाटायचं. ते थोडे पुढं आहेत, मी मागून येतोय. एवढं अंतर पार करून त्यांच्या खाटेवर, पायाशी, जाऊन बसावं असं वाटायचं. मग जाहिराती लागायच्या. मी डोळे पुसायचो आणि पोरांना म्हणायचो, कांदा लागला.

हळूहळू त्या एका 'हाव'ला रंग यायला लागले. करडा पडद्यावर आला की "हाव" खालच्या पट्टीत, ओढून, म्हणजे आला मेला. हवालदार आला की मोकळा. मायचं बोलणं मागून चालूच असायचं. हवालदारानं डबा उघडायचा आणि तेवढ्यात ठाण्यातून फोन यायचा, की माय ओरडायची, "अरे मेल्या, दोन घास तर खाऊन घे! बायकोनं कवाच्या उठून केलं असंल!" आबा म्हणायचे, "हाव, हाव." मी इकडून म्हणायचो, "माय, त्याला ऐकू येत न्हाई." ती म्हणायची, "तुझ्या बापाला बी येत नव्हतं. बोलायचं ते बोलायचं."

पोरांचे वाद वेगळेच. अहमदपूरचा एक उंच पोरगा करड्याचा भक्त होता. "काय बी म्हणा, माणूस खरा तोच हाय. जे करायचं ते करतो, मिरवत न्हाई." बिलोलीचा एक त्याच्यावर उखडायचा, "तुझ्या गावची नदी उपसली असती म्हणजे कळलं असतं." मग ते माझ्याकडं वळायचे. "मामा, तुम्हाला कोण आवडतं?" मी म्हणायचो, हवालदार. "का? तो तर काहीच करत न्हाई. नुसता बसतो, चालतो, डबा घेऊन फिरतो." मला नीट सांगता यायचं नाही. आता विचार केला तर वाटतं, आपल्या घरातलं कुणीतरी ज्या कामात झिजलं आणि ज्याचं कुणाला काही वाटलं नाही, ते काम दुसरा कुणी पडद्यावर मन लावून करताना दिसतं. आपण त्याला नाही, आपल्या माणसाला बघत असतो. आणि शेवटाची वाट का बघतो, तर आपल्याकडं शेवट सांगायला कुणी येत नाही. इथं दर भागात थोडं थोडं का होईना, कुणीतरी येऊन सांगतं.

मग जाहिरातीत दाखवायला लागले, शेवटचा आठवडा.

महिने सरले होते आणि आबांच्या तोंडून दुसरा शब्द आला नव्हता. रंग आले होते, शब्द नव्हता. ही मालिका संपली की मी त्यांच्याशी काय धरून बोलणार? परत गोळी घेतली का?

"काकू, हे संपल्यावर कसं करू?"

"दुसरं लागंल की काहीतरी."

"त्यात हवालदार नसंल."

काकू कणीक मळत होत्या. त्यांनी वर बघितलं. कणकेवर ओला फडका टाकला आणि म्हणाल्या, "बघू बाबा. देव हाय."

शेवटच्या आठवड्यात बघणाऱ्यांना कळलं की तलाठ्याला उडवणारा करड्याचा ट्रक चालवत होता हवालदाराचा स्वतःचा जावई. कर्जापायी नाही, धमकीपायी नाही. एका फेरीपुरता मित्राच्या जागी बसला होता. पोरगी गरोदर. हवालदाराला कळलं, आणखी कुणाला नाही. गावात माय सांगत होती की पारावर दोन तट पडलेत. "लेकीचं कुंकू बापानं पुसावं का?" असं बाया म्हणतात आणि "मेलेल्याला बी माय होती" असं म्हातारे म्हणतात. आबा गप्प पडून असायचे, फोनवर त्यांचा श्वास जड वाटायचा. मला भीती वाटायला लागली की हे सगळं त्यांच्या जिवाला लागतंय. मायला म्हणालो, "बंद कर टीव्ही." ती म्हणाली, "बंद केला तर काठी उचलतील. डाव्या हातानं का होईना."

शेवटचा भाग. हॉल भरलेला. जेवण झालेली पोरंही उठली नव्हती. काकू वाढायच्या जागी उभ्या होत्या, पण त्यांचंही लक्ष इकडंच. हवालदार जावयाला जीपमध्ये घेऊन निघाला. सकाळपासून पोटात काही नाही, असं जावई निघताना एकदा म्हणाला होता. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मधल्या सीटवर डबा. रस्ता लांबच लांब. जीप चाललीय, चाललीय.

आणि फोनमधून आबांचा आवाज आला.

"न्हाई!"

मी खुर्चीवरून उठलो. असा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. काहीतरी झालं. पडले. दुसरा झटका आला. "आबा! माय! माय, काय झालं?" तिकडून नुसता टीव्हीचा आवाज आणि काहीतरी आपटल्याचा. "माय, बोल ना!" काकू डाव टाकून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

तेवढ्यात माझ्या पडद्यावर जीप एका फाट्यावर येऊन थांबली. एक रस्ता ठाण्याकडं, एक गावाकडं. हवालदारानं स्टिअरिंगवर हात ठेवले. डबा तसाच बंद. पडदा काळा झाला. नावं यायला लागली.

हॉलमध्ये एकच गलका उठला. "अरे! संपलं?" "हे काय राव!" "दुसरा भाग काढायचा असंल, दुसरं काय!" कुणी ताट आपटलं. मला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. मी फोन दोन्ही हातांनी कानावर दाबला होता.

"तुझे आबा..." मायचा आवाज आला. रडत होती की हसत होती कळेना. "तुझे आबा बोलले रे."

मागून पुन्हा आवाज आला. खरखरीत, तुटका. "न्हाई... न्हाई." मनगटावर काकूंचा हात होता. मग, जड दगड एकेक करून उचलावा तसे शब्द आले.

"भाकर... दे... आधी."

माय म्हणाली, "कुणाला देऊ? तुमाला? भूक लागली का?"

"हाव न्हाई!" आबा चिडले. हातानं टीव्हीकडं दाखवत असणार, कारण माय म्हणाली, "त्या जावयाला?"

"हाव. जावई... उपाशी... न्हाई जात."

आमच्याकडं जावई उपाशी दारातून जात नाही. भांडण झालेलं असो, सुतक असो. आबांनी तेच धरलं होतं. डबा मधे ठेवलाय आणि हा माणूस गाडी थांबवून नुसता बसलाय, हेच त्यांना सहन झालं नव्हतं.

"अन् जेवू घातल्यावर, आबा?" मी विचारलं. "मग कोणता रस्ता?"

या वेळी मी त्यांच्या मागं नव्हतो, पुढं काय येणार ते सांगणारा पडदा कुठंच नव्हता.

"ठाणं," आबा म्हणाले.

मी खाली बसलो, खुर्चीत नाही, फरशीवर. मघाशी ताट आपटणारा अहमदपूरचा पोरगा हळू आवाजात म्हणाला, "मामा, पाणी आणू का?"

नंतर पोरं आठवडाभर त्या शेवटावर शिव्या घालत होती. मी घातल्या नाहीत. त्या लोकांनी नीट शेवट दाखवला असता, जावयाला बेड्या किंवा लेकीच्या दारात गाडी, तर आबा "हाव" म्हणून कुशीवर वळले असते. त्यांनी अर्धा सोडला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्ध्या गोष्टींपाशी बसलेल्या माणसाला ते बघवलं नाही. पुरा करायला त्यांना शब्द लागले, म्हणून ते बोलले. हे माझं मत. डॉक्टरीण बाईंना सांगितलं तर हसल्या, म्हणाल्या, "काही का असेना, आता थांबू नका."

आता शब्द वाढलेत. पाणी, खाट, ऊन, मायचं नाव, माझं नाव. परवा त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "येतो... कवा?" परीक्षा तोंडावर आहेत, पोरांना घरचं जेवण सोडून इथं राहायचंय आणि मी गेलो तर काकू एकट्या पडतील. "येतो, आबा. लवकर येतो." ते म्हणाले, "हाव." तो 'हाव' मला अजून नीट उलगडत नाही. त्यात वाट बघणं होतं.

मालिका संपल्यावर मी पुन्हा डाव हातात घेतला होता, पण काकूंनी तो पुन्हा काढून घेतला. "टीव्ही संपला, तुझा बाप संपला का? जा, बस." म्हणून अजूनही तोच अर्धा तास आबांचा आहे. आता टीव्ही बंद असतो. मी त्यांना दिवसभरातलं सांगतो. कोणत्या पोराला भाजी आवडली नाही, कोण घरच्या आठवणीनं रडला. ते मधे मधे एखादा शब्द टाकतात.

त्या अर्ध्या तासात मी फोनवर असताना काकूंचा फोन वाजायचा, हे मला ऐकू येत असे. रोज वाजायचा. काकू कमरेला खोचलेला फोन काढायच्या, बघायच्या आणि म्हणायच्या, "गर्दी हाय गं, नंतर कर." मला वाटायचं, गिऱ्हाईक असेल, पोरांचे पालक असतील. गेल्या आठवड्यात मी खुर्चीत बसायच्या आधीच तो वाजला, आणि त्यांच्या हाताला पीठ होतं म्हणून मीच उचलून त्यांच्या कानाला लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला. "आई, आज तरी दोन मिनिटं बोल ना." काकूंची मुलगी हैदराबादला दिली आहे. नोकरी, घर, लेकरू. तिलाही तेवढीच वेळ मोकळी असते. संध्याकाळी साडेसातची.

पूर्वी त्या वेळी मी वाढायचो आणि काकू आत जायच्या, त्या तिच्याशीच बोलायला. हे मला कुणी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

मी म्हणालो, "काकू, आजपासून मी उभा राहतो. तुम्ही बोला."

"अन् तुझे आबा?"

"आबांना सकाळी करतो."

"सकाळी ते झोपलेले असतात, तूच म्हणतोस. गप बस. माझ्या लेकीला बोलता येतंय, ती थांबंल. जा."

मी गेलो. जाऊन बसलो, आबांशी बोललो. काकूंचं मी ऐकतो, म्हणजे ऐकावंच लागतं. पण हे इथं लिहून ठेवतो. आबा एक दिवस नीट बोलतील, दिवसाच्या कुठल्याही वेळेला बोलतील, मला या अर्ध्या तासाची गरज उरणार नाही. त्या दिवसापासून संध्याकाळची रांग माझी. काकू आतल्या खोलीत पंख्याखाली बसतील, लेकीशी बोलतील, अर्धा तास नाही, त्यांना पाहिजे तितका वेळ, आणि बाहेरून कुणीही हाक मारली तरी मी त्यांना उठू देणार नाही.